येसाजीची बाज आणि तेराचा पाढा

नवऱ्याचं नाव बाईमाणसानं घ्यायचं नसतं, पण पुढं घोटाळा नको म्हणून एकदाच घेते. येसाजी. झालं, घेतलं. आता यापुढं 'हे'.

तर हे घोरायचे. तुम्ही म्हणाल, त्यात काय, घोरत कोण न्हाय? अवो, तुम्ही ऐकलेलं न्हाय म्हणून असं बोलता. दुपारी जेवून हे ओटीवर बाजेवर उताणे पडले की आधी घर्रर्र करून सगळ्या वाडीतली हवा आत घ्यायचे. मग एकदम सगळं बंद. माणूस हाय का गेला, असं वाटायच्या आत बारीक शिट्टी निघायची, फुऊऊस. की परत घर्रर्र. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दुपारी मी सासूबाईंना हाक मारली, आत्याबाई, गोठ्यात कायतरी शिरलंय. सासूबाई म्हणाल्या, "गोठ्यात काय न्हाय. तुझं नशीब हाय ते."

आणि एवढं करून यांना ते कबूल न्हाय! जन्मात एकदाही न्हाय. कुणी म्हटलं की घोरता, की हे समुद्राकडं बोट करायचे. "गाज हाय ती. समुद्र बाजूला हाय, त्याला काय गप बस सांगू?" किहीमच्या वरच्या अंगाला आमची नारळी-पोफळीची वाडी, समुद्र हाकेच्या अंतरावर, तेव्हा गाज येते हे खरं. पण समुद्र काय जेवल्यावरच गाजतो?

मी सांगतेय ते इंग्रज जाऊन दहाएक वर्षं झाली होती तेव्हाचं. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणायचे. गावाला शाळा मिळाली, पण शाळेला जागा न्हाय. देवळात भरवावी तर पावसात देवच भिजत बसलेला. तेव्हा हे छाती काढून पुढं झाले. म्हणाले, "माझी पडवी घ्या. भाडं नको, काय नको." खोटं कशाला बोलू, मला तेव्हा यांचं फार कौतुक वाटलं. आमची रंगू तेव्हा आठ वर्षांची. दुसरी शाळा खाडीपलीकडच्या गावात, आणि पोरीला होडीत बसवून शाळेत कोण पाठवतंय? शाळा दारात आली म्हणून रंगूच्या हातात पाटी आली, आणि तिचं बघून आणखी पोरी आल्या. मला अक्षर येत न्हाय. रंगू पाटीवर माझं नाव काढून दाखवायची आणि मी तिला ते पुसू द्यायचे न्हाय. मग दुसऱ्या दिवशी मास्तर विचारायचे, बेरजा कुठे आहेत?

मास्तरांचं नाव अब्दुस्समद. उरणकडचे. उंच, सडसडीत, आणि इतके सभ्य की अंगावरचा डाससुद्धा हळूच उडवून लावायचे. त्यांच्या पडवीच्या आणि आमच्या ओटीच्या मध्ये अर्ध्या उंचीचा कुड, शेणानं लिंपलेली कारव्यांची भिंत. कुडाच्या त्या बाजूला दुपारी पोरं पाढे म्हणताहेत, आणि या बाजूला आमचे हे. मास्तर बिचारे ओरडून ओरडून बसल्या आवाजाचे झाले. घरी गेले तर त्यांची बायको सुगरा म्हणायची, तुम्ही शाळेत शिकवता की बंदरावर हमाली करता?

दुसऱ्या वर्षी मृगाच्या आधी दिपोटीसाहेब शाळा बघायला आला. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारा साहेब. कुडाजवळ उभा राहिला, कानाला हात लावला आणि मास्तरांना म्हणाला, "या गोंगाटात इथे काही शिकवणं होत असेल असं मला वाटत नाही. दिवाळीनंतर पुन्हा येईन. तेव्हाही हेच असेल, मुलांना काही येत नसेल, तर शाळा खाडीपलीकडे हलवावी लागेल."

 शाळा खाडीपार म्हणजे रंगूची पाटी चुलीमागं.

मास्तर त्याच संध्याकाळी यांच्याकडं आले. शब्द शोधत शोधत म्हणाले, "येसाजीभाऊ, गुस्सा नका करू. दुपारच्याला जरा आवाज होतो."

"समुद्राचा ना?" हे म्हणाले. "मला पण तरास होतो हो."

मी मध्ये तोंड घातलं. "अवो, समुद्राचा न्हाय, तुमचा!"

अगं बाई, काय चढला तो पारा! हे उठून उभेच राहिले. "मी घोरतो? मी? असं म्हणणारानं माझ्या पडवीत पाय ठेवायचा न्हाय. पडवी माझी हाय, उद्या रिकामी करा!" मास्तर घाबरून म्हणाले, समुद्रच आहे, समुद्रच. तेव्हा कुठं हे खाली बसले.

म्हणजे बघा, सांगावं तर शाळा आजच जाते आणि न सांगावं तर दिवाळीनंतर जाते. मला तर असं झालं की समुद्रात नेऊन बुडवावं, पण कुणाला, ते ठरेना.

आता ती बाज. ती मीच विणलेली. काथ्याची नवी लांब दोरी मी बाजेसाठी वळून ठेवली होती, ती यांनी उचलून रहाटाला लावली. मला आला राग. मी वाडीतले दोरीचे जुने तुकडे गोळा केले, हातभर हा, वीतभर तो, आणि एकमेकांना गाठी मारमारून बाज विणली. म्हटलं, झोपा आता चिंध्यांवर. गाठी पण रागारागात मारलेल्या, सरकत्या. दोरीवर फार ताण पडला की गाठ बोटभर सरकायची आणि तिथंच बसायची. माझ्या डोक्यात दुसरं कायसुद्धा नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं लोकांनी फार डोकं शोधलं.

पोरं काय करायची, की यांचं घोरणं फार चढलं की चारपाच दांडगी पोरं रांगत बाजेखाली जायची आणि पाठी लावून यांना पडवीच्या बाजूला कुशीवर लोटून धरायची. कुशीवर वळले की हे गप! पोरं बाजूला झाली की हे परत उताणे, परत घर्रर्र. आता पोरांनी शिकायचं का बाजेखाली खांब होऊन बसायचं?

पण आषाढात एका दुपारी रंगू म्हणाली, "आये, बा हलके झाले काय गं? आता दोन पोरांत वळतात."

हलके कसले! दोन वेळा भात रेमटून खात होते. मी वाकून बाजेखाली बघितलं. पोरांनी यांना कुशीवर धरलं की ज्या दोऱ्यांवर भार जायचा, त्यांच्या गाठी थोड्या सरकलेल्या. ज्या रिकाम्या पडायच्या, त्या लोंबत होत्या, आणि लोंबती दोरी दिसली की झाडताना ओढून घ्यायची माझी सवय. म्हणजे रोज थोडं थोडं करून बाज त्या कुशीचं वळण घेत होती. आमची बाज शिकत होती हो!

मग मी पोरांना सगळ्यांना बोलावलं. प्रत्येकाला एकेक गाठ नेमून दिली. म्हटलं, "बा कुशीवर असले की आपापल्या गाठीकडं बघायचं. दोरी ढिली दिसली तर बोटभर ओढायची. ताठ असली तर हात लावायचा न्हाय, ती आपली आपण सरकंल. आणि दुसऱ्याच्या गाठीत नाक खुपसायचं न्हाय. जनी, तुला सांगतेय." जनी शेजारची, तिला सगळ्यांच्या गाठींची काळजी.

एवढंच. कुणाला पूर्ण बाज ठाऊक न्हाय, मला न्हाय, मास्तरांना न्हाय. ज्याची त्याची एक गाठ. दुपारी हे झोपले की पोरं रांगत यायची, बोटभर ओढायची, रांगत जायची. श्रावण लागला तोवर एक पोरगं पुरे झालं. गौरी-गणपतीच्या आधी तर हे उताणे पडले की बाजच हळूच कुरकुरायची, एका अंगानं खाली जायची, आणि हे कुणाचा हात न लागता पडवीकडं तोंड करून कुशीवर! घर्र सुरू व्हायच्या आत बंद. मी तोंडाला पदर लावून चुलीपाशी इतकी हसले की दूध उतू गेलं.

पण गावात चांगली गोष्ट चार दिवस टिकेल तर शपथ. आमच्या सरपंच रावजींना खबर लागली. रावजी आले, बाजेभोवती फिरले, मिशीला हात लावला. "ठमावैनी, हे काम असं बेवारशी चालायचं न्हाय. याला एक डोकं पायजे."

"कशाला? चाललंय की."

"चाललंय, पण चालवतो कोण?"

मी म्हटलं, कोण न्हाय. रावजींना ते सोसेना. त्यांनी लगेच बाज समिती काढली आणि स्वतः अध्यक्ष झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपल्यावर अध्यक्ष उशाशी काठी घेऊन उभे. काठी खाली आली की सगळ्यांनी एकदम ओढायचं, वर गेली की सगळ्यांनी एकदम सोडायचं. मी सांगत होते, रावजीभावजी, नका हो. पण अध्यक्ष कुणाचं ऐकतो? काठी खाली आली, पोरांनी हिसडा दिला, आणि बाजेचं पायथं ताणून वर, उसं खाली. यांचे पाय आढ्याकडं आणि डोकं अध्यक्षांच्या पायांवर! हे ओरडत उठले, "भूकंप! भूकंप! गुरं सोडा!" आणि खरंच गोठ्यात जाऊन गुरं सोडून आले. ती गुरं शेजारच्या सोनाबाईच्या भातशेतात शिरली आणि तिच्या शिव्या मला संध्याकाळपर्यंत पुरल्या.

बाज बिघडली. दोन दिवस हे उताणे आणि घोरणं असं, की मास्तरांनी पोरांना सरळ घरी सोडलं. मी रावजींना म्हटलं, "अध्यक्षसाहेब, तुमचं डोकं घरी ठेवा. पोरांनो, ज्याची त्याची गाठ." परत बोटभर ओढणं सुरू झालं आणि आठवड्याभरात बाज पुन्हा शहाणी झाली.

मग आमच्या शेळीनं तीन दोऱ्या खाल्ल्या. मी कपाळाला हात लावला, म्हटलं संपलं, जी दोरी शिकलेली तीच नेमकी हिच्या पोटात गेली. पण कसलं काय! एक दुपार बाज जरा गोंधळली, यांना अर्धंच वळवून थांबली. मग बाजूच्या दोऱ्यांवर भार आला, त्या सरकल्या, पोरांनी ढिल्या त्या ओढल्या, चौथ्या दुपारी हे परत कुशीवर. मास्तर बघत राहिले. म्हणाले, "ठमाबाई, अजब आहे. शिकलं कोण म्हणायचं? दोरी म्हणावी तर ती शेळीनं खाल्ली." मी म्हटलं, "मास्तर, मला अक्षर येत न्हाय, मला कशाला विचारता? ज्याचं त्यानं धरलं आणि ज्याचं त्यानं सोडलं, एवढंच मी बघितलं."

आता सगळं सुखाचं व्हायला पायजे होतं. दुपारी पडवीत अशी शांतता की माडावरून झावळी पडली तर पोरं दचकायची. आणि इथंच मेली माशी शिंकली. पोरांना पाढे येईनात! जी पोरं आधी धडाधड तिसापर्यंत जायची, ती बारापाशी अडखळायला लागली. तेराला तर सगळी पडवी तोंड उघडून आढ्याकडं बघायची. रंगू, माझी रंगू, तेरा एके तेरा म्हणून पुढं गायीसारखे डोळे करून उभी. मास्तर खचले. "गोंगाटात शिकवलं तेव्हा येत होतं, आता शांततेत येत नाही. म्हणजे खोट माझ्यातच आहे." आयांनी पोरांची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी तर रंगूला दोन धपाटे पण घातले, आणि मग रात्रभर... जाऊ दे. माझाच जीव कळवळला, एवढं खरं.

दिवाळी झाली. दिपोटीसाहेब बैलांच्या दमणीतून उतरला तो नेमका जेवायच्या वेळेला. हे पुढं धावले. "साहेब, आधी जेवण, मग शाळा." मी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी केली होती. साहेब पोटभर जेवला, मग आणखी थोडा जेवला. आणि हात धुऊन तो वळतोय तोच यांनी बाजेवर धुतलेली चादर टाकली. "साहेब, पडा जरा."

माझ्या हातातला तांब्या पडला. अवो, पाहुण्याला बाज द्यायची, आणि पाहुणा झोपेस्तोवर घरधन्यानं पाठ टेकायची न्हाय, ही आमच्याकडची जुनी रीत. लहान पोराला ठाऊक असते. आणि आम्ही साऱ्या गावानं चार महिने खपून बाज शिकवली ती यांच्यासाठी, पण त्या दिवशी त्या बाजेवर हे नसणार, साहेब असणार, हे एकाच्या पण डोक्यात आलं न्हाय! अध्यक्षांच्या पण न्हाय.

पण मग मी विचार केला, हे जागेच राहणार म्हणजे घोरणार न्हाईत. चला, तेवढं बरं. हे चटईवर मांडी घालून पंख्यानं वारा घालत बसले. साहेब बाजेवर उताणा झाला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मास्तर, मुलांना पाढे म्हणू द्या. मी पडल्या पडल्या ऐकतो."

आणि बाज कुरकुरली. साहेब हळूहळू पडवीकडं तोंड करून कुशीवर. त्यानं डोळे उघडले. नीट उताणा झाला. बाज परत कुरकुरली, साहेब परत कुशीवर. तिसऱ्यांदा त्यानं दोन्ही बाजूंना घट्ट धरलं आणि उताणा राहायला बघितलं, तर बाजेनं त्याला असं वळवलं की कुडावरून वाकून बघणाऱ्या पोरांच्या आणि त्याच्या डोळ्याला डोळा.

"हे काय आहे?" साहेब म्हणाला.

रावजी पुढं झाले. "साहेब, बाज शिकलेली हाय आमची. मी समितीचा अध्यक्ष."

"बाज शिकलेली आहे," साहेब कुशीवरूनच म्हणाला. "मुलांचं बघू आता. तेराचा पाढा कोण म्हणतं?"

मास्तरांनी रंगूला उभं केलं. पडवी चिडीचूप. रंगू म्हणाली, "तेरा एके तेरा." मग गप. ओठ हलताहेत, आवाज न्हाय. दुसरी पोरगी उभी केली, ती पण गप. मास्तरांच्या कपाळावर घाम. साहेबानं सुस्कारा सोडला. "मास्तर, तुम्ही भला माणूस आहात. पण मुलांना काहीच येत नाही. शाळा हलवावी लागेल."

तेवढ्यात रंगू रडायला लागली आणि रडता रडता ओरडली, "येतं मला! सगळं येतं! पण बा घोरत न्हाईत ना, मग कसं म्हणू?"

मेले! मी जागच्या जागी मेले. साहेब म्हणाला, "काय?"

"बा घर्रर्र करतात ना, तेव्हा आम्ही 'तेर चोक' म्हणायचो. मग ते थांबायचे आणि शिट्टी आली की 'बावन्न'. शिट्टीच न्हाय तर बावन्न कुठनं येणार?" आणि सगळी पोरं माना हलवून व्हय, व्हय करायला लागली.

आता ऐकलंत? दोन वर्षं त्या घोरण्यात पोरं शिकली, आणि त्या घोरण्यासकट शिकली. कुणी शिकवलं असं? कुणीच न्हाय. मास्तर त्यांचं ओरडत होते, हे यांचं घोरत होते, आणि पोरांच्या अंगात ते दोन्ही मिळून बसलं. आणि आम्ही शहाण्यांनी चार महिने राबून त्यातलं अर्धं गप केलं.

पण मी ते तेव्हा कुठं बोलतेय! मी यांच्याकडं बघत होते. सगळं गाव यांच्याकडं बघत होतं. साऱ्या पडवीसमोर, साहेबासमोर, यांच्याच पोरीनं सांगितलं की बा घोरतात. यांचा चेहरा तांबडा झाला. पंखा खाली ठेवला. उठून उभे राहिले. मास्तरांनी डोळे मिटले. मी मनात म्हटलं, गेली पडवी, गेली शाळा.

यांनी एकदा रंगूकडं बघितलं. ती फ्रॉकला नाक पुसत होती, आणि पाटी अशी छातीशी धरली होती की कुणीतरी आत्ता येऊन काढून घेणार हाय.

मग हे वाकले. चटई झटकली. पडवीच्या कुडाला लागून अंथरली. उताणे पडले, डोळे मिटले, आणि जागेपणी, सगळ्यांच्या देखत, घोरायला लागले.

"खुर्र. खुर्र. खुर्र."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. रंगू म्हणाली, "असं न्हाय बा."

हे एक डोळा उघडून म्हणाले, "मग कसं?"

अवो, साऱ्या पंचक्रोशीत यांचं घोरणं ज्यानं कधी ऐकलं न्हाय असा एकच माणूस, तो हा! त्यांना कसं येणार? रंगूनं करून दाखवलं. "आधी घर्रर्र, लांब. मग थांबायचं. मग शिट्टी."

"घर्र. फुस."

"थांबला न्हाईत!" पोरं ओरडली. जनी म्हणाली, "नाक वर करा, काका." सोनाबाई, जिच्या भाताचं नुकसान झालं होतं, ती कुंपणाबाहेरून ओरडली, "पोटातनं काढ रे, पोटातनं!" मास्तर सभ्यपणानं म्हणाले, "येसाजीभाऊ, माफ करा, शिट्टी जरा बारीक असते." साहेब कुशीवरून ऐकत होता, तो म्हणाला, "आणि मधला विराम लांब हवा. मला मागच्या वेळचा आठवतोय."

हे शिकत होते. घामानं डबडबले, पण उठले न्हाईत. घर्रर्र. थांबायचं. फुऊऊस. परत. परत. आणि बघता बघता, सकाळपासून रहाट ओढून दमलेला माणूस तो, पोटात बिरडं, पाठ टेकलेली, यांचा खरंच डोळा लागला. ते मला एका घर्रर्रमध्ये कळलं. कौलांनी पण ओळखलं असेल.

आणि रंगू सुटली! घर्रर्र, "तेर चोक", थांबली, फुऊऊस, "बावन्न!" सगळी पडवी तिच्यामागं. "तेर पाचे, पासष्ट! तेर सक, अठ्ठ्याहत्तर!" तेरा झाला, चौदा झाला, सतरा, एकोणीस, पोरं डोलताहेत, रावजी काठीनं ठेका धरताहेत आणि कुणी त्यांच्याकडं बघत न्हाय. मास्तर रडत होते. मी पण रडत होते, उगाच नाव कशाला ठेवू. एकोणतीसचा पाढा संपला तेव्हा साहेब बाजेवरून उठायला गेला, बाजेनं त्याला परत वळवलं, तो आणखी थोडा वेळ तसाच पडून राहिला आणि तिसाचा पाढा ऐकूनच उठला.

निघताना मास्तरांना म्हणाला, "शाळा इथेच राहील. यांचं काय ते मात्र कागदावर कसं लिहू ते मला कळत नाही." आणि मला म्हणाला, "बाई, ती बाज कुणी शिकवली?" मी म्हटलं, "कुणी न्हाय साहेब. पण विणली मी."

दमणी दिसेनाशी झाली तेव्हा हे जागे झाले.  घोरलात हे सांगायची कुणाची छाती होत नव्हती. हे डोळे चोळत म्हणाले, "काय झालं?"

"राहिली शाळा," मी म्हटलं.

"मग!" हे म्हणाले. "मी काय घोरत न्हाय. ते पोरांसाठी मुद्दाम काढलं होतं." आणि तोंड धुवायला गेले.

मी म्हटलं, सुधारायचा न्हाय हा माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं, मी बाजेवरची चादर झटकून सारखी केली. हे ओटीवर आले. बाजेकडं बघितलं. कुडापलीकडं बघितलं, तिथं पोरं पाट्या घेऊन बसली होती आणि रंगू इकडंच बघत होती. यांनी बाजेला हात पण लावला न्हाय. कोपऱ्यातली चटई घेतली आणि कुडाला लागून खाली अंथरली.

मी विचारलं, "अवो, बाज मोकळी हाय की."

हे समुद्राकडं बोट करून म्हणाले, "समुद्र आज गप हाय. पोरं खोळंबली असतील." आणि उताणे पडले.

मी भांडी तशीच ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा दुपारच्या त्या बाजेवर जाऊन पडले. बाज कुरकुरली. तिला काय ठाऊक मी कोण, तिनं मला वळवलं ते पडवीकडं, म्हणजे यांच्याकडंच. खाली हे घर्रर्र करत होते. मग थांबले. मी पण श्वास धरून पडून राहिले, शिट्टी आली, आणि पडवीतून रंगूचा आवाज आला, बावन्न.